डावा बचाव

४ मे

आधी ‘प्रिय’ लिहिलं होतं, ते खोडलं. तुला आवडणार नाही असं वाटलं. मग नुसतं तुझं नाव लिहिलं, तर कागद एकदम नोटिशीसारखा दिसायला लागला. तेव्हा हे असंच, मधूनच सुरू झाल्यासारखं वाच.

फोनवर तू ‘हं’ म्हणतेस. एवढ्या वर्षांत तुझे सगळे ‘हं’ मला पाठ झाले होते. ऐकतेय वाला, ऐकत नाहीये वाला, पुरे झालं वाला. हा नवीन ‘हं’ मात्र काही केल्या कळत नाही. म्हणून पत्र. पत्रात तू मध्येच फोन चिऊच्या हातात देऊ शकत नाहीस.

तुझ्या दादांना नमस्कार सांग. तिकडच्या शाळेतली खेळाच्या शिक्षकाची जागा त्यांनी माझ्यासाठी शोधली, मुख्याध्यापिकाबाईंकडे शब्द टाकला, हे मी विसरलेलो नाही. नाही म्हणत नाहीये. फक्त जूनच्या मध्यापर्यंत वेळ दे. बाई तोवर थांबतील असं तूच म्हणाली होतीस.

आमचा सुट्टीतला सराव सुरू झाला. तुला सगळं माहीत आहे, पण चिऊला वाचून दाखवणार असशील म्हणून लिहितो. फुटबॉलचा हंगाम संपला की क्लबच्या मैदानाला कुलूप लागतं. व्यायामशाळा तेवढी सकाळी उघडी ठेवतात. प्रशिक्षकांना तर या काळात आम्हाला काही शिकवायची नियमानेच बंदी. पण पाय घरी बसले की गंजतात. म्हणून आम्ही खेळाडूच आपापले जमतो, पाण्याच्या टाकीमागच्या सार्वजनिक मैदानावर. तिथे गवत आहे म्हणायला आहे. एका गोलाला जाळी आहे, दुसऱ्याला नाही. जाळी नसलेल्या बाजूला गोल झाला की चेंडू आणायला नवीन पोरांनी पळायचं, असा कायदा आहे. तो मीच केलाय.

या वर्षी सगळ्यांना फोन करून जमवलं तेही मीच. मैदानावर मांडायचे ते प्लॅस्टिकचे कोन तुझ्या भाजीच्या पिशवीतून नेतो. पिशवीचा एक बंद तुटला. शिवून घेईन.

नवीन पोरं चार आलीत. बूट इतके कोरे की चालताना कुरकुरतात. पहिल्या दिवशी जुने एका बाजूला, नवे एका बाजूला, लग्नात दोन पक्ष बसतात तसे. त्यातला एक उंच, काटकुळा पोरगा सरळ माझ्याकडे आला आणि म्हणाला, “काका, तुम्हीच ते ना?”

म्हटलं, “तुम्हीच ते, हे बरोबर. काका नाही. दादा म्हण.”

सगळे हसले. आपला गोलकीपर आजोबा तर खाली बसून हसला. (चिऊला सांग, आजोबा माझ्याहून एकाच वर्षाने मोठा आहे, पण त्याचे गुडघे ऐकू येतात.) तेव्हापासून तो पोरगा माझी पाठ सोडत नाही. पाणी प्यायला गेलो तरी मागे. आजोबाने त्याचं नाव पाडलं, शेपूट.

शेपूट डाव्या बाजूचा बचावपटू आहे. म्हणजे माझ्याच जागेचा. असू दे. एका जागेला दोन माणसं लागतातच.

कराराचं विचारलंस. होतोय. कप्तान बोललाय मॅनेजरांशी. सुट्टीत क्लबचं ऑफिस कसं ढिम्म असतं ते तुला ठाऊक आहे.

चिऊला पापा. तुला काय द्यायचं ते तू सांग.


१८ मे

चिऊ फोनवर म्हणाली, “बाबा, माझ्या खोलीत कोण राहतं?” तिला कसं कळलं? मागून आवाज आला असेल. लपवायचं नव्हतं. सांगायचं राहून गेलं.

शेपूट राहतो. जूनमधलं सरावाचं शिबिर सुरू होईपर्यंत क्लब नव्या पोरांना खोल्या देत नाही, आणि तो कुठल्याशा वसतिगृहाच्या पॅसेजमध्ये झोपत होता. पाठ आखडून मैदानावर यायचा. आणलं घरी. चिऊच्या पलंगावर झोपतो, पाय पलंगाबाहेर. तिच्या भिंतीवरचे स्टिकर मी काढू दिलेले नाहीत. त्यालाही ते आवडतात म्हणाला. विशेषतः जिराफ. साहजिक आहे.

पोरगा कामाचा आहे. येताना अंडी, पाव, केळी घेऊन येतो. भांडी घासतो, आणि पालथी घालतो. तुझ्यासारखी. पहिल्यांदा ती पालथी भांडी बघितली तेव्हा मी क्षणभर दारातच थांबलो.

संध्याकाळी सगळे गेले की आम्ही दोघं मागे थांबतो. मी समोरून चेंडू घेऊन येतो, तो अडवतो. पहिल्या आठवड्यात दरवेळी फसायचा.

“दादा, तुम्ही कधी कुठे वळणार ते कळतच नाही.”

“कारण तू पायाकडे बघतोस. पाय खोटं बोलतात. कमरेकडे बघ. माणसाची कंबर जिकडे जाते तिकडेच माणूस जातो.”

“आणि तुम्हाला हे कोणी शिकवलं?”

“मार खाऊन शिकलो.”

दुसऱ्या आठवड्यात तो फसेनासा झाला. परवा मी चार वेळा गेलो, चारही वेळा त्याने चेंडू अलगद काढून घेतला. नुसता काढून घेत नाही, उभा राहून वर “लागलं नाही ना दादा?” असं विचारतो.

तो माझ्यापेक्षा चांगला आहे. हे वाक्य पेन्सिलीने लिहायला हवं होतं. माझ्या ऐन उमेदीतही मी इतका चांगला नव्हतो. कप्तानही लांबून बघत होता. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला.

त्याचे वडील सुतार आहेत. रोज फोन येतो. पलीकडून ते विचारतात ते मला ऐकू येत नाही, पण शेपटाची उत्तरं ऐकू येतात. “हो, जेवलो.” “हो, दादांबरोबरच.” “नाही बाबा, ते रागवत नाहीत.”

गुडघा ठीक आहे. बर्फ लावतो.


३० मे

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, दोन ओळी. आजोबाच्या बायकोने तुला सांगितलं तर. तिचा दोष नाही. तिला वाटलं तुला माहीतच असणार.

हो. क्लबने मला सोडलं. हंगाम संपल्या संपल्या मॅनेजरांनी बोलावलं, चहा दिला, माझी जर्सी काचेच्या चौकटीत बसवून हातात ठेवली आणि म्हणाले, “क्लब तुला विसरणार नाही.” तेव्हाच ओळखलं. ज्याला ठेवायचं असतं त्याला असं काही म्हणत नाहीत. ती चौकट तुझ्या साड्यांच्या कपाटामागे उभी करून ठेवली होती. तू सामान भरत होतीस तेव्हा ती तुझ्या हाताला लागू नये म्हणून मी कपाटाला टेकून उभा होतो.

तू विचारलंस, “क्लब की आम्ही?” आणि मी गप्प बसलो. तुला वाटलं, मी क्लब निवडला. खरं म्हणजे तेव्हा क्लब नव्हताच. मी कशासाठी गप्प बसलो हे मला आजही धड सांगता येणार नाही. काढून टाकलेला माणूस म्हणून तुझ्याबरोबर गाडीत बसायला नको वाटलं. हट्टी माणूस म्हणून मागे राहणं त्यातल्या त्यात सोपं गेलं.

कप्तानाला माहीत आहे, आजोबाला माहीत आहे, जुन्या सगळ्यांना माहीत आहे. नव्यांना नाही. जुने मूग गिळून आहेत. मी या सरावाला का येतो ते कोणी विचारत नाही, कारण विचारायचा कोणाला हक्कच नाही. इथे हजेरी नाही, फाटक नाही, गणवेश नाही. चेंडू ज्याच्या पायात तो खेळाडू. वर्षातल्या एवढ्याच दिवसांत मी अजून संघात आहे.

तू लिहिलंस, “मग आता कशाला थांबलायस? ये.” या ‘ये’कडे मी बराच वेळ बघत होतो.

पण ऐक. सहायक प्रशिक्षकांची करडी गाडी. नियमाप्रमाणे त्यांना मैदानावर येता येत नाही, पण रस्त्यावर गाडी उभी करायला कोण अडवणार? गेल्या आठवड्यात दोनदा टाकीपाशी उभी होती. काच अर्धी खाली. नव्या पोरांना बघायला येत असतील, मान्य आहे. पण डोळे काय माणसं निवडून बघतात? मीही तिथेच असतो. डाव्या बाजूला जुना कोणी उरलेला नाही आणि सगळा भार एका कोवळ्या पोरावर टाकायला कोणताही प्रशिक्षक कचरतो. एखाद्या जाणत्या माणसाची गरज त्यांना पडेल. पडायलाच हवी.

शिबिर जूनच्या मध्याला सुरू होतं. त्याआधी शेवटच्या शनिवारी जुने विरुद्ध नवे असा सामना खेळायचं ठरलंय. तो झाला की मी सामान बांधतो. बाईंना सांग, मी येतोय. शब्द देतो.

शेपटाला अजून काही सांगितलेलं नाही. त्याने काल माझ्या बुटांना पॉलिश केलं.


९ जून

घाईत लिहितोय.

शनिवारचा सामना झाला. शेपटाचा पाय दुखावला. मुरगळला असावा. कप्तानाने गाडीतून दवाखान्यात नेलं, आता घरी आहे, चिऊच्या खोलीत. पाय उशीवर. आमच्याकडे त्या दिवशी उजव्या बाजूला खेळायला कोणी नव्हतं, म्हणून मी तिकडे गेलो, आणि त्याची डावी बाजू माझ्यासमोर आली. एकाच चेंडूवर दोघं गेलो. असं होतं. चेंडू आधी माझ्या पायाला लागला होता. आजोबा गोलात होता, त्याला विचार हवं तर.

मी चार-पाच दिवसांत निघतो. त्याला असा टाकून लगेच येता येणार नाही. उठवून बाथरूमपर्यंत न्यावं लागतं.

बाईंना सांग, नक्की येतो.


१६ जून

काल मुदत संपली. काल तुझा फोन तीनदा वाजला, मी बघत बसलो. उचलला असता तर तुला एक सांगितलं असतं आणि चिऊला दुसरं. म्हणून आता सगळं लिहितो. मागच्या पत्रात लिहिलं ते खोटं नव्हतं, पण पुरतंही नव्हतं.

उजव्या बाजूला कोणी नव्हतं असं नाही. होता. मी त्याला म्हटलं, “तू डावीकडे जा, आज मी तिकडे खेळतो.” करडी गाडी आली होती. मला दाखवायचं होतं की हा माणूस दोन्ही बाजूंना चालतो. आणि मला शेपटासमोर उभं राहायचं होतं. गाडीतल्या माणसाने दोघांना एकाच चौकटीत बघावं, असं काहीतरी डोक्यात होतं.

पहिल्यांदा तो आला तेव्हा मी नीट उभा होतो. त्याने चेंडू माझ्या दोन पायांमधून घातला आणि पलीकडून उचलला. मैदानभर हशा. नवी पोरं तर शिट्या मारायला लागली. तो पळता पळता वळून म्हणाला, “सॉरी दादा!” चेष्टा नव्हती त्यात. खरंच सॉरी होतं.

रस्त्याकडे बघितलं. गाडीची काच पूर्ण खाली आली होती.

दुसऱ्यांदा तो आला तेव्हा मी उभा राहिलो नाही. गेलो. चेंडू आधी लागला हे खरं आहे. पण आपण कुठल्या चेंडूवर जातो आणि कुठल्या नाही, हे इतकी वर्षं खेळलेल्या माणसाला कळतं. तो चेंडू माझा नव्हता. मी त्याच्याहून अर्धा सेकंद उशिरा होतो आणि मला ते माहीत होतं. जोर कमी करता आला असता. मी केला नाही. मुद्दाम केलं का, असं तू विचारशील. मुद्दाम नाही. पण थांबलोही नाही. याहून जास्त मला ठाऊक नाही, आणि मी खूप विचार केलाय.

तो ओरडला नाही. बसला, गुडघा दोन्ही हातांत धरून, आणि मलाच विचारलं, “दादा, हा असा का दिसतोय?”

गाडी निघून गेली.

मुरगळणं वगैरे काही नाही. गुडघ्यातलं लिगामेंट तुटलंय. शस्त्रक्रिया, मग वर्षभर घरी, आणि मग देवाची मर्जी. पण खरी मेख पुढे आहे. क्लबच्या करारात लिहिलेलं असतं की क्लबच्या आवारात, मैदानावर किंवा व्यायामशाळेत दुखापत झाली तर उपचार क्लबचे आणि करार कायम. बाहेर कुठे झाली तर ज्याची त्याने निस्तरायची आणि नव्या खेळाडूचा करार रद्द. आमचं टाकीमागचं मैदान म्हणजे बाहेर.

कप्तानाने त्याच दिवशी सगळ्यांना गोळा केलं. “व्यायामशाळेच्या पायऱ्यांवर घसरला. सगळ्यांनी हेच सांगायचं. नवे, जुने, सगळ्यांनी.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही. पहिल्यांदाच जुने आणि नवे एकत्र उभे होते.

सहायक प्रशिक्षकांना नियमाने तिथे असायचीच बंदी, त्यामुळे त्यांनी गाडीतून पाहिलं असलं तरी ते सांगणार नव्हते. मॅनेजरांनी एकेकाला बोलावलं. कप्तान, आजोबा, नवी पोरं, सगळे पायऱ्या पायऱ्या म्हणून आले. मग मला निरोप आला. मी तर क्लबचा नव्हतोच, तरी गेलो. बोलावलं याचंच बरं वाटलं, हेही लिहून टाकतो.

तीच खोली, तोच चहा. मॅनेजर म्हणाले, “बाकीच्यांना एकमेकांबरोबर खेळायचंय, ते एकमेकांना सांभाळणार. तू आता आमचा नाहीस. तुला खोटं बोलायचं काही कारण नाही. म्हणून तुला विचारतो. कुठे झालं?”

मी कपातला चहा ढवळला. ते खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, “डाव्या बाजूला आता कोणीच नाही बघ. प्रशिक्षक काळजीत आहेत. तुझं नाव निघालं होतं.”

मग पुन्हा, तितक्याच हलक्या आवाजात, “कुठे झालं?”

मी सांगितलं. टाकीमागे.

तू नेहमी म्हणायचीस, एकदा तरी खरं बोल. मी खरं बोललो. एक शब्दही पदरचा घातला नाही. फक्त कोणाच्या पायामुळे झालं ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

दोन दिवसांनी करार आला. अर्ध्या हंगामाचा. मी सही केली.

घरी आलो तेव्हा शेपूट जागा होता. त्याला ऑफिसमधून फोन येऊन गेला होता. “करार रद्द झाला,” म्हणाला. मग जरा वेळाने, “कोणीतरी सांगितलं.”

मी म्हटलं, “अंडी उकडू की ऑम्लेट?”

“काहीही,” म्हणाला.


४ जुलै

शाळेत दुसरा माणूस घेतला हे तुझ्या दादांच्या निरोपातून कळलं. चांगला असेल. तू त्या निरोपाखाली काही लिहिलं नव्हतंस. मी पान उलटून पाहिलं.

चिऊला फोनवर बोलवू नकोस असं तू दादांकरवी सांगितलंस. बरं. ती मोठी झाल्यावर तिला काय सांगायचं ते तू ठरव. मी मध्ये पडणार नाही.

शिबिर सुरू झालंय. कपडे बदलायच्या खोलीत माझी जागा जुनीच, कोपऱ्यातली. शेजारच्या दोन जागा रिकाम्या असतात, सगळे पलीकडे दाटीवाटीने बसतात. शिव्या देत नाहीत, भांडत नाहीत. आजोबा तर अजूनही पाण्याची बाटली पुढे करतो, फक्त माझ्याकडे न बघता. मैदानावर चेंडू माझ्याकडे येतो, द्यायलाच लागतो म्हणून येतो. मी परत देतो. पहिल्या आठवड्यात प्रशिक्षकांनी मला वाखाणलं. दुसऱ्या आठवड्यात दुसऱ्या क्लबमधून एक डावा बचावपटू उसना आणला. बाविशीचा आहे, तयार आहे. आता मी बाकावर. मॅनेजर रस्त्यात भेटले तर घड्याळ बघतात.

पण मला तुला हे सांगायचं नव्हतं. तुला सांगायचंय ते शेपटाचं.

कोणी सांगितलं ते त्याला कळलं होतं. कप्तान भेटायला आला होता, मी सरावाला असताना. मी परतलो तेव्हा खोलीचं दार लोटलेलं होतं. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. आणि जाणार तरी कुठे? पाय टेकवता येत नाही, आणि वडिलांना हातातलं काम टाकून येता येत नव्हतं. त्यामुळे तो माझ्याच घरी, माझ्याच मुलीच्या पलंगावर, मीच केलेलं खात राहिला. बाथरूमला जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवायचा. ठेवावाच लागायचा. किती हलका हात. मी “हळू” म्हणायचो, तो मान हलवायचा. दोघं मिळून एवढंच बोललो त्या दिवसांत.

एकदा मी दारात उभा राहून म्हटलं, “शेपटा, मला काही सांगायचंय.”

तो भिंतीकडे बघत म्हणाला, “नको दादा.” आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

परवा त्याचे वडील आले. बुटके, मजबूत, कानामागे पेन्सिल. प्रवासातही ती काढली नव्हती. दारातच त्यांनी माझे दोन्ही हात धरले. हात असे की घासकागद. म्हणाले, “तुम्ही होतात म्हणून आम्ही निर्धास्त होतो. घरी दुसरं नावच नसायचं. दादा असे, दादा तसे. याची आई म्हणते, पोराला तिकडे मोठा भाऊ मिळाला.”

मी मागे वळून बघितलं. शेपूट पलंगाच्या कडेला बसून पिशवीची चेन लावत होता. मला वाटलं, आता बोलेल. मला खरंच वाटलं की बोलावं. तो म्हणाला, “बाबा, चहा घेता?”

त्याने वडिलांना सांगितलेलंच नव्हतं. का, ते मला कळत नाही. मला वाचवायला नक्कीच नाही. बहुतेक त्यांना वाचवायला.

मी चहा टाकला. दूध उतू जाऊ नये म्हणून तिथेच उभा राहिलो. आतून ठोकल्याचा आवाज आला म्हणून डोकावलो, तर वडील चिऊच्या कपाटासमोर उकिडवे बसलेले. खालच्या बिजागरीचा स्क्रू निघाला होता, दार लोंबत होतं. तू कितीदा सांगितलं होतंस. ते खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून दार बसवत होते.

“अहो, राहू दे,” मी म्हटलं.

“हात रिकामे राहत नाहीत माझे,” ते हसले. “आणि तुम्ही इतकं केलंत. काय देणार आम्ही? तेवढंच.”

दार आता नीट लागतं. आवाजही करत नाही. मी रोज एकदा उघडून लावून बघतो.

टॅक्सी खाली आली. मी पिशवी उचलली. वडिलांनी एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या. तीन जिने एक एक पायरी करत उतरवलं. प्रत्येक वळणावर वडील थांबायचे, त्याला विचारायचे, “दुखतंय?” तो म्हणायचा, “नाही.” कपाळावर घाम होता. मधल्या मजल्यावरच्या बाई दार उघडून बघायला आल्या आणि म्हणाल्या, “अरे अरे, काय झालं?” वडीलच म्हणाले, “खेळताना. चालायचंच.”

त्याला मागच्या सीटवर आडवं बसवलं, पायाखाली उशी दिली. चिऊची होती, जिराफाच्या अभ्र्याची. ती गेली. तिला दुसरी घेऊन दे.

वडील पुढे बसायच्या आधी माझ्याकडे परत आले. मला जरा बाजूला घेतलं, टॅक्सीपासून लांब. पण काच उघडी होती. आवाज खाली आणून म्हणाले, “एक विचारू? त्याच्यासमोर विचारवत नाही. तुम्ही एवढी वर्षं या खेळात. तुम्हाला ठाऊक असणार. पाय बरा झाला, वर्ष लागो, दीड वर्ष लागो, आम्ही थांबू. पण मग घेतील ना हो त्याला परत?”

त्यांचा चेहरा माझ्या इतका जवळ होता. कानामागची पेन्सिल चावलेली होती.

सांगू तुला, कोणी कोणाला परत घेत नाही. वर्षभराने त्याचं नाव कोणाला आठवणार नाही. तसल्या गुडघ्याने तो पहिल्यासारखा वळणार नाही. त्याने आजच दुसरं काहीतरी शिकायला घ्यावं, करवत, रंधा, काहीही, आणि या लोकांची वाट बघू नये. हे मला त्यांना सांगायला हवं होतं. त्या घडीला त्यांना दुसरं कोणी सांगणारं नव्हतं.

मी म्हटलं, “घेतील. नक्की घेतील.”

त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. “बास,” म्हणाले. “तुम्ही म्हणालात म्हणजे झालं. आता याच्या आईला सांगतो.”

ते पुढच्या सीटवर बसले. मी मागच्या खिडकीपाशी गेलो. शेपटाने सगळं ऐकलं होतं. तो माझ्याकडे बघत नव्हता. वडिलांच्या मानेकडे बघत होता. वडील टॅक्सीवाल्याला सांगत होते, “सावकाश घ्या हं, आमचा खेळाडू आहे मागे.”

टॅक्सी गेली. मी तिथेच उभा होतो. मग सरावाची वेळ झाली म्हणून वर जाऊन बूट आणले.